फोटो लगेच दिसतो, म्हणजे नेमकं काय बदलतं?

फिल्मच्या कॅमेऱ्यात एका रोलवर ३६ फोटो निघत. रोल संपायचा, मग धुवायला जायचा, मग कधीतरी प्रिंट हातात यायच्या. तोपर्यंत कुठला फोटो कुठल्या सेटिंगवर काढला होता हे बहुतेकांच्या डोक्यातून गेलेलं असे. काटेकोर माणसं वहीत लिहून ठेवत: फ्रेम ११, एफ/८, १/१२५, ढगाळ. बाकीच्यांना फोटो काळा आला एवढं कळे. का काळा आला ते कळत नसे.

डिजिटल कॅमेऱ्याने तरुणांची फोटोग्राफी बदलली असं म्हणताना बोलणं बहुधा मेगापिक्सेलवर, नाहीतर ‘आता कितीही फोटो काढा, खर्च नाही’ यावर येतं. आमच्या मते मोठा बदल दुसराच आहे. चूक आणि तिचा परिणाम यांच्यातलं अंतर काही दिवसांवरून एक-दोन सेकंदांवर आलं. शिवाय शटर (उजेड किती वेळ आत येतो), ॲपर्चर (लेन्समधल्या छिद्राचा आकार), आयएसओ (मिळालेला संकेत किती मोठा करायचा), वेळ हे सगळं प्रत्येक फोटोच्या फाइलमध्ये आपोआप नोंदलं जाऊ लागलं. वही आता कॅमेराच लिहितो. शिकणाऱ्याला याहून चांगली सोय मिळणं कठीण. अडचण एवढीच की याच काळात कॅमेरे, आणि त्यातही फोनमधले, इतके निर्णय परस्पर घ्यायला लागले की परिणाम लगेच दिसतो, पण कारण दिसत नाही. म्हणून आत काय घडतं, कुठे बिघडतं आणि कुठला निर्णय आपल्या हातात परत घ्यायचा, ते पाहू.

उजेडाचा आकडा कसा होतो

लेन्समधून आलेला उजेड सेन्सरवर पडतो. सेन्सर म्हणजे सिलिकॉनचा पातळ तुकडा. त्यावर उजेड टिपणारे लाखो बारीक खाने असतात. खान्यावर प्रकाशाचे कण, म्हणजे फोटॉन, पडले की इलेक्ट्रॉन सुटे होतात आणि शटर उघडं असेपर्यंत साठत राहतात. मग प्रत्येक खान्यात किती भार जमला ते मोजून त्याचा आकडा केला जातो. १४ बिटच्या कॅमेऱ्यात हा आकडा ० ते १६,३८३ यांच्यामधला कुठलाही असू शकतो. फोटो म्हणजे अशा आकड्यांचा भलामोठा तक्ता.

कल्पना जुनी आहे. अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये विलर्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी १९६९ मध्ये सीसीडीची, म्हणजे अशा सेन्सरच्या एका प्रकाराची, रचना मांडली. त्यासाठी त्यांना २००९ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. १९७५ मध्ये कोडॅकमधल्या स्टीव्हन सॅसन या २५ वर्षांच्या इंजिनिअरने हातात धरता येईल असा डिजिटल कॅमेरा जुळवला. त्याचा फोटो १०० × १०० बिंदूंचा, कृष्णधवल, आणि एक फोटो कॅसेटवर उतरवायला २३ सेकंद लागत. पुढे १९९५ मध्ये कॅसिओच्या क्यूव्ही-१० या कॅमेऱ्याने पाठीवर छोटी एलसीडी स्क्रीन आणली. त्यातले फोटो आजच्या मानाने अगदीच कामचलाऊ होते, पण काढलेला फोटो तिथल्या तिथे बघण्याची सवय लागली ती अशा कॅमेऱ्यांमुळे.

सेन्सरच्या खान्याला रंग कळत नाही, फक्त उजेड किती ते कळतं. म्हणून प्रत्येक खान्यावर लाल, हिरवा किंवा निळा यांपैकी एका रंगाचा फिल्टर बसवलेला असतो. बहुतेक कॅमेऱ्यांतली मांडणी कोडॅकच्याच ब्राइस बायर यांची आहे, पेटंट १९७६ चं: निम्मे खाने हिरवे, पाव लाल, पाव निळे. हिरवे जास्त, कारण आपल्या डोळ्याला बारकावे हिरव्याच्या आसपास अधिक दिसतात. म्हणजे प्रत्येक बिंदूचा एकच रंग मोजलेला असतो. उरलेले दोन शेजाऱ्यांवरून अंदाजाने भरलेले असतात. अंदाज बहुतेक वेळा बरोबर येतो. बारीक चौकड्यांच्या शर्टवर किंवा जाळीच्या पडद्यावर मात्र तो फसतो आणि कापडात नसलेल्या रंगीत लाटा दिसू लागतात. याला मॉइरे म्हणतात. कॅमेरा बिघडलेला नसतो. एक पाऊल पुढे-मागे सरका किंवा कोन थोडा बदला, लाटा बहुधा जातात.

मेगापिक्सेलपेक्षा सेन्सरचा आकार बघा

फुल फ्रेम सेन्सर ३६ × २४ मिलिमीटरचा, म्हणजे ८६४ चौरस मिलिमीटर. एपीएस-सी साधारण ३६७, मायक्रो फोर थर्ड्स २२५. खिशात मावणाऱ्या जुन्या कॅमेऱ्यांतला १/२.३ इंची सेन्सर जेमतेम २८. (हा ‘१/२.३ इंच’ आकडा फसवा आहे. तो सेन्सरच्या कुठल्याच बाजूचं माप नाही. टीव्ही कॅमेऱ्यांच्या जुन्या नळ्यांच्या बाहेरच्या व्यासावरून ही पद्धत चालत आली.) एकाच ॲपर्चरवर, एकाच शटरवर फुल फ्रेम सेन्सर त्या छोट्या सेन्सरच्या जवळजवळ ३० पट उजेड गोळा करतो.

हे महत्त्वाचं का? उजेड थेंबाथेंबाने, अनियमित पडतो. एका खान्यात सरासरी १०० फोटॉन येणार असतील, तर प्रत्यक्षात कधी ९०, कधी ११० येतात. चढउतार साधारण १० चा, म्हणजे १० टक्के. सरासरी १०,००० असेल तर चढउतार १०० चा, म्हणजे फक्त १ टक्का. हा चढउतार आपल्याला फोटोत दाणे म्हणून दिसतो, ज्याला नॉइज म्हणतात. ‘आयएसओ वाढवला म्हणून नॉइज आला’ हे सगळीकडे ऐकू येणारं वाक्य अर्धंच खरं आहे. नॉइज आला तो उजेड कमी पडला म्हणून. आयएसओने गोळा झालेला संकेत फक्त मोठा केला, त्याबरोबर दाणेही मोठे झाले. म्हणून अंधाऱ्या खोलीत आयएसओ १०० वर अडून बसायचं आणि काळा आलेला फोटो नंतर कॉम्प्युटरवर उजळायचा, यात काहीच साधत नाही. उलट अनेक कॅमेऱ्यांत त्याचा निकाल जास्त वाईट येतो.

तीन चाव्या, पण एका वेळी एकच

उजेडाचं प्रमाण दोन गोष्टी ठरवतात. ॲपर्चर म्हणजे लेन्समधलं छिद्र, शटर म्हणजे ते किती वेळ उघडं. आयएसओ ही तिसरी चावी.

ॲपर्चरची मालिका १.४, २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६ अशी जाते आणि प्रत्येक पायरीला उजेड निम्मा होतो. आकडा लहान तर छिद्र मोठं, हे उलटं वाटतं. पण एफ/४ म्हणजे छिद्राचा व्यास फोकल लेंग्थचा (लेन्सवर ‘५० मिलिमीटर’ असा लिहिलेला आकडा) चौथा भाग आणि एफ/८ म्हणजे आठवा, हे कळलं की पाठांतर करावं लागत नाही. छिद्र मोठं ठेवलं की नेमक्या अंतरावरचंच स्पष्ट येतं, पुढचं-मागचं धूसर होतं. छिद्र लहान केलं की स्पष्टतेचा पट्टा रुंदावतो.

शिकायला सगळ्यात चांगला व्यायाम असा. कॅमेरा ए किंवा एव्ही मोडवर ठेवा, म्हणजे ॲपर्चर तुम्ही ठरवाल आणि शटर कॅमेरा. खिडकीजवळ एका रांगेत तीन वस्तू मांडा, प्रत्येकीत हातभर अंतर ठेवून. मधल्या वस्तूवर फोकस करा. कॅमेरा टेबलावर किंवा पुस्तकांच्या थप्पीवर टेकवा आणि दोन सेकंदांचा टायमर लावा, म्हणजे बटण दाबताना धक्का बसणार नाही. आता एफ/२.८ किंवा तुमच्या लेन्सचा सर्वांत लहान आकडा, मग ५.६, ८, ११, असे फोटो घ्या. जागा, उजेड, फोकस काहीही बदलू नका. नंतर स्क्रीनवर शेजारच्या वस्तूंवर झूम करून बघा. वीस मिनिटांत ॲपर्चर समजतं. दुसऱ्या दिवशी हेच एस किंवा टीव्ही मोडमध्ये (इथे शटर तुम्ही ठरवता) नळाच्या धारेवर करा: १/१०००, १/२५०, १/६०, १/१५. पहिल्यात थेंब सुटे दिसतील, शेवटच्यात धार दुधासारखी एकसंध.

‘मुलांनी ३६ च फोटो काढावेत, स्क्रीन झाकावी, म्हणजे विचार करायची सवय लागते’ असा सल्ला बरेचदा दिला जातो. आम्हाला तो फारसा पटत नाही. स्क्रीन झाकली की डिजिटलचा मुख्य फायदाच गेला. पण त्यामागची तक्रार खरी आहे. सेकंदाला २० फोटो काढणारा कॅमेरा दाबून धरला की एकसारखे दोनशे फोटो जमतात आणि त्यातून कुणी काही शिकत नाही. उपाय संख्येत शोधू नका. दोन फोटोंमध्ये काहीतरी एकच गोष्ट मुद्दाम बदललेली असावी, इतकं पाळलं तरी पुरे.

फोटो हलला की फोकस चुकला?

नवशिक्यांचे बिघडलेले फोटो बहुतेक अस्पष्ट असतात, आणि अस्पष्ट होण्याची कारणं चार. चौघांवरचे उपाय वेगळे, त्यामुळे आधी निदान करायला हवं. फोटो पूर्ण मोठा करून बघा.

फोटोतलं सगळंच, भिंत-खुर्चीसकट, एकाच दिशेला ओढल्यासारखं दिसत असेल तर हात हलला. हातात कॅमेरा धरताना शटर निदान १/फोकल लेंग्थ इतकं तरी जलद हवं असा जुना ठोकताळा आहे. ५० मिलिमीटर लेन्सला १/५०; एपीएस-सी सेन्सर असेल तर दीडपट, म्हणजे १/८० च्या आसपास. आजच्या जास्त मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यांना त्याहून एक पायरी जलद ठेवलेलं बरं. कोपर अंगाला चिकटवा, श्वास सोडताना बटण हळू दाबा. स्टॅबिलायझेशन, म्हणजे हाताची थरथर सावरणारी सोय, असेल तर इथे चांगलीच मदत होते.

भिंत स्पष्ट आणि फक्त माणूस पुसट असेल तर माणूस हलला. इथे स्टॅबिलायझेशन काहीच करू शकत नाही, आणि नेमकं हेच लोकांच्या लक्षात येत नाही. शटरच जलद करायला हवं. बसून बोलणाऱ्याला १/१२५, चालणाऱ्याला १/२५०, पळणाऱ्या मुलांना १/५००, खेळाच्या मैदानावर १/१००० किंवा पुढे. घरात एवढं शटर हवं असेल तर आयएसओ १६००, ३२०० वर जाईल, जाऊ द्या. थोडे दाणे असलेला स्पष्ट फोटो, गुळगुळीत पण हललेल्या फोटोपेक्षा केव्हाही चांगला.

तिसरं कारण: काहीतरी अगदी स्पष्ट आहे, पण ते हवं ते नाही. डोळे धूसर आणि कान किंवा मागचं झाड लख्ख. फोकस चुकला. स्थिर वस्तूला सिंगल फोकस, हलणाऱ्याला कंटिन्युअस, आणि माणूस असेल तर डोळे ओळखणारा फोकस चालू ठेवा. एफ/१.८ वर जवळून चेहरा घेतला तर स्पष्टतेचा पट्टा काही सेंटिमीटरचाच असतो. फोकस लागल्यावर तुम्ही किंचित पुढे झुकलात तरी तो निसटतो.

चौथं कारण सगळ्यात साधं. पूर्ण फोटोवर दुधी पडदा, दिव्यांभोवती पसरलेली वलयं: लेन्सवर बोटाचा ठसा आहे. खिशात आणि हातात वावरणाऱ्या फोनचं हे रोजचं दुखणं. स्वच्छ मऊ कापडाने पुसा, बाकी काही करायचं नाही.

कॅमेऱ्याला पांढरं-काळं कळत नाही

कॅमेऱ्याचं मीटर समोरच्या दृश्याची सरासरी मध्यम करड्या छटेला आणून बसवायला बघतं. बहुतेक दृश्यांत ते चालून जातं. पांढऱ्या भिंतीपुढे पांढरा शर्ट घातलेला माणूस उभा केला की मीटरला वाटतं उजेड फार झाला, आणि सगळं करडं येतं. काळ्या पडद्यापुढे काळा कोट असेल तर उलट: काळं राखाडी आणि चेहरा पांढराफटक. नवे कॅमेरे चेहरा ओळखून हे बरंच सावरतात, पण पूर्ण नाही. उपाय प्लस-मायनसच्या बटणात आहे, म्हणजे एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन. पांढऱ्या दृश्याला +१ पासून सुरुवात करा, काळ्याला −१ पासून. फोनवर चेहऱ्यावर बोट टेकवून शेजारचा सूर्याच्या खुणेचा पट्टा वर-खाली सरकवला की हेच होतं.

फोटो बरोबर आला का हे ठरवायला स्क्रीनच्या उजळपणावर विसंबू नका. तोच फोटो अंधारात झगझगीत वाटतो, उन्हात काळा. हिस्टोग्रॅम, म्हणजे फोटोतल्या उजळपणाचा आलेख, खोटं बोलत नाही. डावीकडे काळं, उजवीकडे पांढरं. आलेख उजव्या भिंतीला चिकटून वर चढला असेल तर तिथले तपशील जळाले. जेपेग फाइलमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात आणि २५५ वर पोचलेल्या भागात परत आणण्यासारखं काही उरत नाही. सावलीतून थोडंफार काढता येतं, जळालेल्या आकाशातून नाही. शंका असेल तर फोटो किंचित गडदच ठेवा.

रॉ फाइल वापरावी का, हा प्रश्न इथेच येतो. २४ मेगापिक्सेलच्या फोटोचे तिन्ही रंग ८ बिटने जसेच्या तसे लिहिले तर ७२ एमबी होतील. जेपेग ते ८ × ८ बिंदूंच्या चौकटी करून, डोळ्याला कमी जाणवणारे तपशील टाकून १० एमबीच्या आसपास आणतं. टाकलेलं परत येत नाही, आणि तीच फाइल उघडून-बदलून पुन्हा पुन्हा सेव्ह केली की दर वेळी आणखी थोडं जातं. रॉमध्ये सेन्सरचे आकडे कच्चे राहतात, म्हणून उजळपणा आणि व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून साधलेला रंगांचा तोल) नंतर निवांत बदलता येतो. सुरुवातीला रॉ + जेपेग अशी जोडी ठेवा. जेपेगवर समाधान होत असेल तर रॉ उघडायची गरज नाही.

फोन परस्पर काय काय करतो

फोनचा सेन्सर छोटा, छिद्र बहुधा बदलता न येणारं. ही उणीव फोन गणिताने भरून काढतो. बटण दाबल्यावर, आणि पुष्कळदा त्याच्या आधीपासूनच, तो भराभर अनेक फ्रेम घेतो, त्या एकमेकींवर जुळवतो आणि सरासरी काढतो. अनेक फ्रेमची सरासरी म्हणजे जास्त उजेड गोळा करण्यासारखंच, म्हणून दाणे कमी होतात. नाइट मोडमध्ये हेच काही सेकंद चालतं. स्थिर इमारतीचा फोटो थक्क करणारा येतो. नाचणाऱ्या मुलाला तिसरा हात फुटतो किंवा चेहरा मेणासारखा गुळगुळीत होतो, कारण हललेला भाग फ्रेममध्ये जुळत नाही आणि सॉफ्टवेअर तो पुसून सारखा करतं. रात्री हलणारी माणसं टिपायची तर नाइट मोड बंद करा आणि त्यांना दिव्याजवळ आणा.

पोर्ट्रेट मोडमधली मागची धूसरता लेन्सची नसते. फोन कुठलं जवळ, कुठलं लांब याचा नकाशा बनवतो आणि लांबचं नंतर धूसर करतो. सुटे केस, चष्म्याची काडी, बोटांमधली फट, काचेचा पेला इथे नकाशा हमखास चुकतो. पाठवण्याआधी या जागा मोठ्या करून तपासा.

स्वतः शिकायचं असेल तर फोनचा प्रो किंवा मॅन्युअल मोड उघडा, शटर आणि आयएसओ हाताने द्या, आणि तेच दृश्य ऑटोवरही घ्या. दोन्ही फोटो शेजारी ठेवले की ऑटोने किती शिजवलंय ते दिसतं. फोनमध्ये असा मोड नसेल तर तो देणारी कॅमेरा ॲप मिळतात.

चेहऱ्याबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण सेल्फीत आपलं नाक मोठं दिसतं म्हणून खट्टू होणारी तरुण मुलं पुष्कळ आहेत. दोष नाकाचा नाही, अंतराचा आहे. नाकाचं टोक कानांपेक्षा साधारण १० सेंटिमीटर पुढे असतं असं धरा. कॅमेरा नाकापासून ३० सेंटिमीटरवर असेल तर कान ४० वर. नाक कानांच्या तुलनेत १.३३ पट मोठं उमटतं. कॅमेरा दीड मीटरवर नेला तर १६० भागिले १५०, म्हणजे जेमतेम १.०७ पट. तेव्हा फोन कुठेतरी टेकवा, टायमर लावा, दीड-दोन मीटर मागे उभे राहा आणि नंतर क्रॉप करा, किंवा दुप्पट झूमची लेन्स वापरा. ब्युटी फिल्टरने जे खोटं करावं लागतं त्यातलं बरंचसं या चार पावलांनी खरंच होतं.

हॉलमधल्या पट्ट्या

कार्यक्रमाच्या फोटोंवर आडव्या काळ्या पट्ट्या आल्या तर कार्ड किंवा सेन्सर खराब झाला असं समजून लोक घाबरतात. वीज सेकंदाला ५० फेऱ्यांची असेल तिथे साधे एलईडी आणि ट्यूब सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात. ६० फेऱ्यांच्या देशांत १२० वेळा. आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक शटर सेन्सर वरून खाली ओळीओळीने वाचतं. त्या वेळात दिवा अनेकदा मंद-प्रखर होतो, आणि ज्या ओळी मंद क्षणी टिपल्या गेल्या त्या काळ्या येतात. मेकॅनिकल शटर निवडा, शटर १/१०० किंवा १/५० वर ठेवा (६० च्या देशात १/१२० किंवा १/६०), किंवा मेनूमध्ये अँटी-फ्लिकर असेल तर चालू करा. पळत्या गाडीची चाकं आणि पळत्या गाडीतून टिपलेले खांब तिरके दिसण्याचं कारणही हेच ओळीओळीचं वाचन.

जुन्या छोट्या कॅमेऱ्यांची नवी हौस

गेल्या काही वर्षांत तरुण मंडळी घरातल्या कपाटातून २००० ते २०१० च्या काळातले खिशातले कॅमेरे शोधून काढताहेत. ‘सीसीडीचे रंग’ असं त्याचं कारण सांगतात. सीसीडीला थोडं श्रेय द्यायला हरकत नाही, पण तो खास तोंडवळा मुख्यतः समोरून पडणाऱ्या फ्लॅशचा आणि त्या काळच्या जेपेग प्रक्रियेचा आहे. फ्लॅशचा उजेड अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. मित्र १ मीटरवर आणि भिंत ३ मीटरवर असेल तर भिंतीला नवव्या हिश्शाचाच उजेड मिळतो. म्हणून चेहरे उजळ, मागे अंधार. शिवाय त्यातली झेनॉन फ्लॅश सेकंदाच्या हजाराव्या भागात किंवा त्याहूनही कमी वेळात चमकून जाते, त्यामुळे उडी मारलेला माणूस हवेत गोठतो. फोनची एलईडी मंद आणि सलग जळणारी; तिच्याने हे होत नाही.

असा कॅमेरा घेताना चार गोष्टी तपासा. लेन्स बाहेर येऊन पुन्हा पूर्ण आत जाते का; ‘लेन्स एरर’ दाखवणारा कॅमेरा सोडून द्या. बॅटरी फुगली आहे का, आणि ती आज नवी मिळते का. कार्ड कुठलं लागतं: ऑलिंपस आणि फुजीफिल्मच्या जुन्या मॉडेलना एक्सडी कार्ड लागे, ते आता सहज मिळत नाही, आणि २००६ पूर्वीचे बहुतेक एसडी कॅमेरे २ जीबीपर्यंतचंच कार्ड ओळखतात, ३२ जीबीचं घातलं तर फक्त एरर देतात. शेवटी, पांढऱ्या कागदाचा आणि झाकलेल्या लेन्सचा एकेक फोटो काढून डाग आणि मेलेले पिक्सेल बघा.

फाइल कुठे जातात

निगेटिव्ह कपाटात पडून राहायची. फाइल पडून राहत नाही, ती एका फोनबरोबर नाहीशी होते. प्रती तीन, दोन वेगळ्या साधनांवर, एक घराबाहेर. ऑनलाइन साठा हा घराबाहेरचा भाग सांभाळतो. एकाच फोनमध्ये दोन फोल्डर म्हणजे दोन प्रती नव्हेत. कार्ड कॉपी करून खात्री झाली की कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा, कॉम्प्युटरवर नको. कार्ड बंद कॅमेऱ्यातूनच काढा. लाल दिवा लुकलुकत असताना काढलं तर फाइलींची यादीच मोडू शकते.

चुकून डिलीट झालं तर त्या क्षणी कार्ड वापरणं थांबवा. डिलीट केल्यावर साधारणपणे फक्त यादीतलं नाव खोडलं जातं, फोटोचे आकडे नवं काही त्यांवर लिहिलं जाईपर्यंत तिथेच असतात. रिकव्हरी सॉफ्टवेअर ते परत काढू शकतं, पण सापडलेल्या फाइल त्याच कार्डावर उतरवू नका.

फाइलमधल्या नोंदींत जीपीएस चालू असेल तर जागेचे अक्षांश-रेखांशही असतात. घरात काढलेल्या फोटोची मूळ फाइल पाठवली की घराचा पत्ताही गेला. कॅमेरा ॲपची लोकेशनची परवानगी बंद ठेवा, किंवा शेअर करताना लोकेशन काढण्याचा पर्याय निवडा. आणि फोटोत दुसरं कुणी असेल तर टाकण्याआधी त्यांना विचारा. एकदा पसरलेली फाइल मागे घेता येत नाही.

प्रिंट काढायची असेल तर मूळ फाइलच लागते. चांगल्या छपाईला इंचाला ३०० बिंदू धरतात: ६ × ४ इंचाला १८०० × १२०० बिंदू, म्हणजे अवघे सव्वादोन मेगापिक्सेल पुरतात, ए४ ला ३५०८ × २४८०, म्हणजे पावणेनऊ. भिंतीवर लांबून बघायच्या मोठ्या फोटोला १५० ही चालतात. मेसेजिंग ॲप मात्र फोटो आकसून पाठवतं. तिकडून आलेली फाइल १६०० × १२०० ची असेल तर ३०० च्या हिशेबाने ती साधारण ५ × ४ इंचालाच पुरते आणि ए४ वर ताणली की इंचाला १४० सुद्धा बिंदू उरत नाहीत. ज्याने फोटो काढला त्याच्याकडून तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवा, मगच छापायला द्या.